विमानतळाचा फाटा

५ मे, सेलू
बाबांचा प्रश्न काल होता तोच आजही आहे : “विमान उतरलं, मग पुढं?”

बंगळूरच्या संशोधन संस्थेचे वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासक्रमासाठी मुलाखतीचे बोलावणे आले, त्याला आठवडा झाला. नांदेडहून विमानाचे तिकीट संस्था देणार. मुलीसोबत एका स्त्री-नातेवाइकाचेही देणार. विमानतळापासून संस्थेपर्यंत मात्र ज्याचे त्याने यायचे. आईने देवापुढे साखर ठेवली. बाबा शाळेत लिपिक आहेत. त्यांनी कार्यालयात सर्वांना चहा पाजला, आणि मग घरी येऊन माझ्या मोबाइलवर नकाशा पाहिला. विमानतळ शहराबाहेर एका टोकाला. तिथून संस्था म्हणजे जवळजवळ सेलू ते परभणी.

“एवढं लांब असतंय व्हय? मग त्याला बंगळूरचं विमानतळ कामून म्हणायलेत?”

मी टॅक्सीचे भाडे पाहिले आणि मोबाइल पालथा ठेवला. बाबांना आकडा सांगितला नाही. त्यांनीही विचारला नाही. पण जेवताना दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

७ मे
बंगळूरच्या शहर बसच्या चौकशीचा क्रमांक सापडला. प्रश्न आधी इंग्रजीत लिहून काढला, दोन ठिकाणी सुधारला, मोठ्याने वाचला. क्रमांक लावला. पलीकडून ‘हॅलो’ आले आणि मी फोन ठेवून दिला.

बारावीला तालुक्यात पहिली आले, तेव्हा व्यासपीठावरही बाबाच बोलले होते.

बाबांची अट अशी : विमानतळापासून संस्थेच्या फाटकापर्यंतचा रस्ता मी त्यांना तोंडी सांगायचा, आणि सांगताना ‘बहुतेक’ हा शब्द एकदाही येता कामा नये. “न्हाईतर राहू दे बाई. परभणीला एम.एस्सी. होतंच की.” ते रागाने म्हणाले नाहीत. भीतीने म्हणाले. म्हणूनच मी पुन्हा नकाशा उघडला.

आज सांगायला बसले. विमानतळाच्या दारातच ‘बहुतेक’ आला.

सोबत कोण येणार, हाही प्रश्न आहेच. आई तर परभणीच्या एसटीतही लिंबू हुंगत बसते.

१० मे, वालूर
बळीदादाच्या मुलाचे जावळ. सगळे वालूरला.

बळीदादा म्हणजे गयाआत्याचा मुलगा, आणि आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमच्या घरात मेंढ्या सोडून शाळेची वाट धरली ती बाबांनी. आत्या मेंढ्यांमागे राहिली. लग्नानंतर कितीतरी वर्षे दिवाळी उलटली की ती कळपाबरोबर निघे. रोज संध्याकाळी नव्या शिवारात उतरायचे, कुणाच्या तरी रानात मेंढ्या बसवायच्या, सकाळी पुढचे गाव. आता घरी फक्त शेळ्या आहेत. बळीदादा त्या राखतो, आणि आत्या दारात बसून तो त्या कशा चुकीच्या राखतो ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

पंगत उठल्यावर बाबांनी आपली चिंता सर्वांपुढे मांडली. आत्या सुपारी कातरत होती. मान वर न करता म्हणाली, “मी जाती की तिच्यासंगं.”

“आक्का, ते काय जिंतूर न्हाई. बंगळूर हाय.”

“मग? तितं मानसं न्हाईत का?”

बळीदादा म्हणाला, “माय, विमानात तमाखू खाऊ देत न्हाईत.”

“तू गप. तुला बाजारात शेळी इकायला धाडलं तर तिलाच माघारी घिऊन आलास, वर तिच्यासाठी पेंडी इकत आनलीस.”

सगळे हसले. बळीदादाही हसला. आत्या मात्र बाबांकडे वळली. “रंगा, रोज सांजच्याला नवं गाव. अंधार पडायच्या आत पानी कुठंय, रान कोन देतंय, कुत्री कुनाची, समदं काढावं लागायचं. कोन नकाशा घिऊन उभं ऱ्हायचं तितं? एक दिस तरी आमी वाटंवर निजलो का?”

 परतीच्या जीपमध्ये माझ्या मनात तेच वाक्य फिरत होते. भूगोल मी वाचला. आत्या तो पायांनी चालली.

१४ मे
आत्या सेलूला मुक्कामी आली आहे. मला चौकशी करायला शिकवणार म्हणे.

तिचे शास्त्र, जसे सांगितले तसे : “गावात शिरल्यावर पयल्या मानसाला इचारू न्हाई. पयला मानूस रिकामा अस्तोय, आन् रिकाम्या मानसाला समदं ठावं अस्तंय. बाईला इचार. तीबी डोक्यावर वझं असलेलीला. तिला उगं लांबची वाट सांगायला टाइम न्हाई.”

 संशोधनपद्धतीच्या पुस्तकात माहितीचा स्रोत कसा निवडावा यावर एक पूर्ण प्रकरण आहे. त्यात हे नाही.

मग तिने मला स्टँडवर पाठवले. पाथरीची गाडी कुठे लागते ते एका बाईला विचारून यायचे. मी म्हटले, मला ते माहीत आहे. “म्हनूनच. चुकलं तरी हरवनार न्हाईस.”

भाजीची पाटी उचलून निघालेल्या एका बाईंपुढे उभी राहिले. शब्द जुळवले. विचारले. त्यांनी पाटी खाली ठेवली आणि मला नीट न्याहाळले.

“तू शाळेतल्या क्लार्कसायबाची पोरगी न्हाई का? पेपरात फोटू आल्ता तुजा? आन् तुला पाथरीची गाडी ठावं न्हाई?”

जवळच्या रसवंतीवरचे लोक वळून पाहू लागले. पळत घरी आले. आत्या पोट धरून हसली आणि म्हणाली, “इचारलंस ना? झालं तर.”

१८ मे
बसचा क्रमांक मिळाला. संकेतस्थळ, वेळापत्रक, नकाशा, तिन्ही जुळले. विमानतळाच्या दारातूनच सुटते, संस्थेच्या अलीकडच्या चौकात उतरवते. मोठी वातानुकूलित बस, पण टॅक्सीच्या मानाने काहीच नाही. संध्याकाळी बाबांना सगळा रस्ता तोंडी सांगितला. एकही ‘बहुतेक’ आला नाही.

बाबा म्हणाले, “मंजूर.” अर्जावर शेरा मारावा तसे.

आत्याने सगळे ऐकले आणि विचारले, “आन् ती मोटर गेलेली असली तर?”

मी ‘नसेल’ म्हटले.

२१ मे, नांदेड विमानतळ
वाट पाहत बसले आहे, म्हणून लिहिते.

पहाटेच्या गाडीने आलो. आत्याने खांद्यावर घोंगडी घेतली आहे. मी हळूच म्हटले, विमानात थंडी नसते. “घोंगडीला थंडी कशाला लागती? बसाया हाय ती.”

तपासणीत तिचा अडकित्ता निघाला. तो नेता येणार नाही, असे तिथल्या शिपाईबाई म्हणाल्या. मला धरणी दुभंगावी असे झाले. आत्या शांत. “बाई, ह्यानं मी सुपारी कातरती. विमान कशाला कातरू?” त्या बाईंना हसू आवरेना, पण नियम तो नियम. शेवटी आत्याने अडकित्ता त्यांनाच देऊन टाकला. “वापर. धार चांगली हाय.” वर त्यांचे गाव विचारले, माहेर विचारले, आणि “पाय दुखत असतील उभं ऱ्हाऊन” असे म्हणून आत गेली. मी तिच्यामागे. रांगेतले सगळे आमच्याकडे पाहत होते, आणि प्रथमच मला त्याचे फार काही वाटले नाही.

विमानाला उशीर आहे. किती, ते कुणी सांगत नाही. मुलाखत दुपारी आहे. मूळ, खोड, पान असे मनात म्हणून पाहिले. पुढचे आठवत नाही.

आत्या घोंगडीवर मांडी घालून बसली आहे. खुर्च्या मोकळ्या आहेत.

२२ मे, बंगळूर, संस्थेचे अतिथिगृह
सकाळ. आत्या खिडकीतून झाडे पाहते आहे. कालचे सगळे क्रमाने लिहून काढते.

उतरलो तेव्हा उशीर झालेलाच होता. बसच्या थांब्यावर धावत गेलो. माझ्या कागदावरचा क्रमांक खरा होता, थांबा खरा होता. बस गेली होती. पुढची त्या मार्गाची बस इतक्या उशिरा की ती मिळून उपयोग नव्हता. समोर टॅक्सींची रांग. बाबांनी अडीअडचणीला दिलेले पैसे पर्समध्ये होते आणि ते टॅक्सीला पुरणार नाहीत हे मला आधीपासून ठाऊक होते.

मी रडण्याच्या बेतात. आत्या म्हणाली, “फाटा कुठंय?”

आपल्याकडे गाडी चुकली की माणूस स्टँडवर बसत नाही, फाट्यावर जातो. फाट्यावर चारी बाजूंच्या गाड्या मिळतात, हात केला की थांबतात. विमानतळालाही फाटा असणारच, यावर आत्याचा इतका ठाम विश्वास होता की मीही निघाले. प्रशस्त रस्ता, कडेने कापलेली हिरवळ, आणि पायी चालणाऱ्या आम्ही दोघीच. आत्या येणाऱ्या प्रत्येक मोठ्या गाडीला हात करत होती. एकही थांबली नाही. एका गाडीतल्या मुलाने उलट हात हलवला.

थोडे पुढे गेलो तर एक पहारेकरी पळत आला. आधी कन्नडमध्ये, मग हिंदीत. आत्याने मला काही म्हटलेले ऐकले आणि तो चक्क मराठीत बोलू लागला.

“मावशी, हितून चालत जायचं न्हाई. मागं फिरा.”

“कुनीकडचा रे बाबा तू?”

“भालकीचा, बिदरकडचा.”

“मग आपलाच की. फाटा कुठंय सांग.”

“मावशी, विमानतळाला फाटा नसतोय.”

“फाटा नसलेलं गाव असतंय व्हय?”

 मोठ्या बसची वाट बघा, नाहीतर टॅक्सी करा, एवढे सांगून त्याने आम्हाला परत आणून सोडले. मी म्हटले, आत्या, इतका चांगला मराठी माणूस भेटला, त्याचे ऐकू या, मोठी बस कधीतरी येईलच. आत्याने मान हलवली. “पोरगं गुनाचं हाय. पन त्याला कंपनीची गाडी आनती आन् नेती. त्याला मोटारीचं काय ठावं?”

आणि मग ती नुसती उभी राहिली. कमरेवर हात, डोळे बारीक. कळप कुठे उतरवावा हे पाहताना ती अशीच उभी राहत असेल. तिने ना पाट्या पाहिल्या ना बाण. ती माणसे पाहत होती. चाकांच्या बॅगा ओढणारे सगळे एका बाजूला जात होते. उलट बाजूला, इमारतीच्या कडेने, झाडलोट करणाऱ्या काही बायका कामाची पाळी संपवून निघाल्या होत्या. हातात डब्यांच्या पिशव्या, एकीच्या डोक्यावर चादरीत बांधलेले गाठोडे.

“ती बघ,” आत्या म्हणाली, आणि सरळ गाठोडेवालीपुढे जाऊन उभी राहिली.

“बहेन, शहर कू जाना हाय. सस्ती मोटर किधर लगती?”

आमच्या बाजारात जी हिंदी बोलतात तीच ही. शाळेत या हिंदीबद्दल मला हसू येई. त्या बाईने या हिंदीच्या भावंडासारख्या हिंदीत उत्तर दिले.

“कां जारैं अम्मा? मेरे पीछे आओ.”

नाव मेहरूनबी. कामगारांची एक लहान बस त्यांना बाहेरच्या मोठ्या रस्त्यापर्यंत सोडते. तिथून साध्या शहर बस मिळतात. चालक आम्हाला घेईना. मेहरूनबी म्हणाली, “मेरी खाला है.” आत्याने तत्काळ तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढचा सारा वेळ तिला खऱ्या भाचीसारखी मुलाबाळांची खुशाली विचारत राहिली. तिचा धाकटा शाळेला जायला रडतो. त्यावर उपाय सांगितला गेला. मेहरूनबीने तो मान्य केला नाही. वाद झाला. मी मधे बसून ऐकत होते आणि माझ्या मुलाखतीची वेळ जवळ येत होती, तरी कितीतरी दिवसांत मला इतके सुरक्षित वाटले नव्हते.

मोठ्या रस्त्यावर उतरलो. आत्याने चौफेर पाहिले. वळणारे रस्ते, उभ्या बसेस, केळीवाला, चहाची गाडी.

“हा काय फाटा,” ती म्हणाली. “भालकीवाल्याला सांगायला पायजे.”

साध्या बसमध्ये चढलो. मेहरूनबी अर्ध्या वाटेत उतरली. उतरताना म्हणाली, पुढे कुणाला तरी विचारा. मी आत्याकडे पाहिले. आत्याने पदर सारखा केला आणि डोळे मिटले.

“आत्या, विचार ना.”

“आता तू इचार.”

“मला इथली भाषा येत नाही.”

“मलाबी येत न्हाई. तुला लाजता तरी येतंय. लाजऱ्या पोरीला लोक नीट सांगत्यात.”

बस भरलेली. माझ्यापुढे एक बाई फुलांची टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी त्यांना संस्थेचे नाव सांगितले. फक्त नाव, क्रियापद सापडलेच नाही. त्यांना कळले नाही. त्यांनी ते पुढच्या बाईला सांगितले. तिने कॉलेजच्या एका मुलाला. आपल्या एसटीत सुटे पैसे हातोहात वाहकापर्यंत जातात, तसा माझा प्रश्न बसच्या तोंडापर्यंत गेला आणि तसेच उत्तर परत आले : अजून पुढे. थांबा आला तेव्हा अर्धी बस आम्हाला “उतरा, उतरा” म्हणत होती. कोणत्या भाषेत, ते आठवत नाही. फुलवाल्या बाईंनी आत्याच्या हातात एक गजरा ठेवला. आत्याला तो घालावा की परत द्यावा कळेना. ती तो हातातच धरून उतरली.

मुलाखत. माझा क्रम निघून गेला होता. फाटकावरच्या बाईंनी घाम पाहून पाणी दिले आणि मला शेवटी बसवले. समितीतल्या वयस्क बाईंनी आधी प्रवासाचे विचारले. मी सांगत गेले. इंग्रजी मोडकी होती, पण थांबले नाही. मग गवताच्या मुळांवर प्रश्न. दोन उत्तरे नीट झाली. एक अजिबात आले नाही, आणि ‘येत नाही’ असे म्हटले.

बाहेर आत्या झाडाखाली घोंगडी पसरून बसली होती. शेजारी दुसऱ्या एका मुलीची आई, ओडिशाकडची असावी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दोघी बोलत होत्या.

२४ मे, सेलू
परत. येताना माझ्या कागदावरची मोठी बस वेळेवर मिळाली. थंडगार, खिडक्या बंद, कुणी कुणाशी बोलत नाही. आत्या म्हणाली, “दवाखान्यात बसल्यावानी वाटायलंय.”

बाबा स्टेशनवर. पेपर कसा गेला, असे विचारले. मुलाखत म्हणायचे त्यांच्या अजून अंगवळणी पडलेले नाही. मग विचारले, “मोटर सापडली?”

आत्या म्हणाली, “तिनं इचारली.”

एवढेच. मेहरूनबीचे नाही, फाट्याचे नाही, स्वतःचे काहीच नाही. इतरत्र इतक्या फुशारक्या मारणारी बाई माझ्या बापापुढे सगळे श्रेय मला देऊन पिशवी उचलून पुढे चालू लागली. मी खोडून काढायला तोंड उघडले, आणि बाबांचा चेहरा पाहून मिटले.

३ जून
निकाल संकेतस्थळावर. निवड नाही, नकारही नाही. प्रतीक्षा यादीत आहे. दुसऱ्या तुकडीच्या मुलाखती व्हायच्या आहेत, त्यानंतर अंतिम यादी. म्हणजे माझे काय होणार हे आता जी मुले अजून तिथे गेलेलीच नाहीत त्यांच्यावर.

आई म्हणाली, “जाऊन आलीस, तेच लय झालं.” तिला खरेच तसे वाटते. मला वाटत नाही. मला तिथे जायचे आहे. इतके जायचे आहे, हे तिथे जाऊन आल्यावर कळले.

वालूरला आत्या बाजारात आमच्या प्रवासाची कथा सांगते, असे बळीदादा म्हणाला. पहारेकरी आता ‘मोठा सायब’ झाला आहे आणि त्याने आत्याला सलाम केला. “आठ दिसांत माय विमान चालवनार हाय,” बळीदादा म्हणाला.

९ जून
अनोळखी क्रमांक. उचलला. (उचलला, हे इथे नोंदवते.)

“हॅलो, विमानातून उतरून बसनं गेलेल्या ताई तुमीच का?”

रेणुका. सोनपेठची, परभणीला शिकते. तिची मामी वालूरची; आत्याची कथा मामीमार्फत तिच्यापर्यंत पोहोचली, आणि आत्याने माझा क्रमांक देऊन टाकला. वडील सोनपेठ-गंगाखेड रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवतात. तिलाही बंगळूरला जायचे आहे. त्याच संस्थेत, त्याच अभ्यासक्रमाला, दुसऱ्या तुकडीत.

सोबतीचे तिकीट मिळते, पण आईला दवाखाना सुरू आहे, वडिलांना ते चालत नाही, आणि जीपही बंद ठेवता येत नाही. ती एकटी जाणार. “विमानाचं काय न्हाई ताई, ते उचलून नेतंय. उतरल्यावर कसं करायचं सांगा.”

मी सांगितले. मोठ्या बसचा क्रमांक, ती चुकली तर इमारतीच्या कडेने जाणाऱ्या बायका, मेहरूनबीचे नाव, बाहेरचा रस्ता, थांब्याचे नाव, फाटकावरच्या बाई. गवताच्या मुळांचा प्रश्नही सांगितला. मधे मधे ती “थांबा, लिहायलेय” म्हणत होती. फोन ठेवला तेव्हा कान गरम झाला होता. आजवर इतका वेळ मी फोनवर कुणाशीही बोलले नव्हते.

बाबा ऐकत होते. “दुसऱ्या तुकडीतली? मग तुझ्या नंबराचं काय?”

मला हे सुचले नव्हते असे नाही. ती ‘त्याच अभ्यासक्रमाला’ म्हणाली तेव्हाच सुचले. पण एकटी निघालेल्या मुलीला अर्धा रस्ता कसा सांगायचा?

संध्याकाळी आत्याचा फोन. बाबांनी आपली शंका तिलाही ऐकवली. फोनमधून तिचा आवाज साऱ्या घराला ऐकू आला : “रंगा, एका वाटंनं दोघी गेल्या म्हनून वाट मोडत न्हाई. मळती.”

१५ जून
रेणुका आज गेली. दुपारी विमानतळावरून तिचा फोन.

“ताई, ती मोठी बस गेली. आन् तुमच्या त्या बायका आज दिसंनात.”

 मी म्हटले, घाबरू नकोस, नीट बघ, कुणीतरी...

“थांबा ताई. फोन कापू नका.”

मग मला जे ऐकू आले ते असे. आधी टॅक्सीवाल्याशी थोडी घासाघीस. मग खड्या आवाजात, गंगाखेडच्या स्टँडवर जीप भरताना देतात तसा पुकारा : “सिटी, सिटी! शेअरिंग! चलो, सिटी!” बापाची जीप तिने लहानपणापासून भरताना पाहिली असणार. बंगळूरच्या विमानतळावर, त्या चकचकीत दारात, सोनपेठची एकटी मुलगी टॅक्सी भरत होती. कुणीतरी इंग्रजीत विचारले, किती पडतील. ती म्हणाली, “फोर पीपल, सेम सेम.” कुणीतरी हसले. एक म्हातारा हिंदीत म्हणाला, मला वाटेत उतरायचे आहे. “उतरो ना आजोबा, बैठो पहिले.”

“ताई, चौघं झालो. डायवर कुरकुर करायलाय, पन चलतो म्हनतोय. भाडं अंगावर लय पडंना आता. ठेवते.”

मी फोन हातात धरून उभी. हे मला सुचले नसते. आत्यालाही सुचले नसते; ती अजून फाटा शोधत असती. मी सांगितलेला एकही रस्ता न वापरता रेणुका निघाली होती, आणि मला तिचे इतके कौतुक वाटले की स्वयंपाकघरात जाऊन आईला तिचा पुकारा म्हणून दाखवला. मोठ्याने. आई पोळी लाटायची थांबली.

ती मुलाखतीत अशीच बोलेल. समितीला ती आवडेल. मला आवडली तशीच. तिचे नाव वर गेले तर माझे खाली जाईल. हे लिहून पुन्हा वाचले. सगळी वाक्ये खरी आहेत, आणि तिचा पुकारा आठवला की हसूही येते.

अंतिम यादी कधी, ते कळवलेले नाही.

बाबा शाळेतून आले. चपला काढता काढता विचारले, “पोचली का ती?”

“अजून फोन नाही.”

ते हातपाय न धुताच पंख्याखाली बसले. मीही बसले. मोबाइल आमच्या दोघांच्या मधे ठेवला आहे.